उसवणीचा दिवस

चहूकडे राजेच राजे होते आणि त्यांचे हत्ती लोकांच्या उभ्या पिकातून खुशाल चालत जायचे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी, कारण गोष्टीतली चूक मोठ्यांचीच आहे.

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. त्या गावाला राजा नव्हता. मिळाला नाही म्हणून नव्हे, गावाला तो नकोच होता. गाव दरवर्षी आपल्यातलाच एक माणूस निवडायचं आणि त्याला कारभारी करायचं. कोठार कधी उघडायचं, पाणी आधी कुणाच्या शेताला, भांडणात चूक कुणाची, खिंडीवर पहारा कुणाचा, हे सगळं तो ठरवायचा. वर्षभर त्याचा शब्द चालायचा.

पण त्याला निवडायची रीत न्यारी होती. सुगी आटपली की दर घरातून कापडाचा एक तुकडा निघायचा. कुणाच्या आजीच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या बापाच्या धोतराचं टोक, कुणाच्या लेकराच्या दुपट्याचा कोपरा. पारावर पाट्या मांडलेल्या असायच्या. ज्याला कारभारी करायचं त्याच्या पाटीत घरानं आपला तुकडा टाकायचा. ज्याची पाटी जास्त भरली तो कारभारी. मग सगळ्या पाट्या एकत्र ओतायच्या आणि सगळे तुकडे जोडून एकच शेला शिवायचा. ज्यांनी दुसऱ्याच्या पाटीत टाकला त्यांचाही तुकडा शेल्यात असायचाच, कारण कारभारी झाला की तो सगळ्यांचा.

त्या दिवसाला शिवणीचा दिवस म्हणत. आणि वर्ष सरलं की यायचा उसवणीचा दिवस. कारभारी पाराखाली मातीत मांडी घालून बसायचा. गावातली सगळ्यांत लहान चालती पोर पुढे यायची. खांद्यापाशी दोऱ्याची एक गाठ असायची. ती सोडून दोऱ्याचं टोक त्या पोरीच्या मुठीत द्यायचं, पोरीनं खिदळत ओढायचं, की सगळा शेला भसाभस सुटून मातीवर पडायचा. आपापला तुकडा उचलून लोक घरी. कारभारीही नुसत्या बंडीवर घरी. एक कारभारी त्या वेळी ढसाढसा रडला होता, आणि एक असा होता की पोरीनं दोरा ओढल्याबरोबर तिथंच पारावर आडवा होऊन घोरायला लागला. गाव या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं सांगून हसायचं.

एका ओढीत शेला सुटायचा, कारण तो कच्च्या टाक्यानं शिवलेला असायचा. लांब लांब धावता टाका, एकच दोरा, एकच गाठ. ही शिवण करायचं काम गोजाबाईच्या घराकडं होतं.

गोजाबाई पन्नाशीला आलेली, नवरा मागेच गेलेला, चार शेळ्या आणि एक सुई एवढा तिचा संसार. हात असा की तिनं शिवलेली शिवण शोधून सापडू नये. लग्नातली चोळी तिच्याकडूनच शिवायची, बाळंतिणीची गोधडी तिच्याकडूनच. पण गावातलं सगळ्यांत मानाचं कापड म्हणजे शेला, आणि त्याला लावायचा कसला टाका, तर नवशिकी पोरही घालील असला. ते तिला सलायचं. उसवणीच्या दिवशी ती हसून गाठ सोडायची, पण घरी आल्यावर चुलीपुढं पुटपुटायची की जन्मभर शिवलं आणि जन्मभर उसवलं.

तिची जिवाभावाची मैत्रीण ठकूबाई तेलीण हे ऐकायची आणि म्हणायची, "बरं आहे की. शिंपिणीचा मान राहतो आणि कारभाऱ्याचा उतरतो."

एका साली गावानं एक तरणा, धडाडीचा माणूस निवडला. माणूस खरंच चांगला होता, हे आधी सांगून टाकू, नाहीतर पोरं म्हणायची की तो पहिल्यापासूनच वाईट होता आणि लोक आंधळे होते. तसं नव्हतं. डोंगरापलीकडचे लुटारू दर थंडीत खिंडीतून उतरायचे आणि गुरं पळवून न्यायचे. या कारभाऱ्यानं स्वतः खिंडीत उभं राहून त्यांना पिटाळलं. गोजाबाईच्या शेळ्या लुटारूंनी हाकलल्या होत्या, त्या त्यानं परत आणून तिच्या दारात बांधल्या. तिनं त्याची अलाबला घेतली. पुढच्या साली त्याची पाटी एवढी भरली की दुसऱ्यांच्या पाट्यांत बूडही झाकलं नाही.

शिवणीच्या आदल्या दिवशी कारभारी गोजाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "अक्का, एक मागणं आहे. खिंडीत वारा सुटतो, तुकडे फडफडतात. मागच्या खेपेला लुटारूंच्या देखत खांद्यावरचा तुकडा उडून गेला. हसले ते मला. मला हसू देत, पण गावाला हसले."

गोजाबाईला ते लागलं. कारभाऱ्यानं तिच्या हातातली चोळी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच म्हणाला, "एवढा हात असून तुला आम्ही गोणपाटाचा टाका घालायला लावतो. या साली तुझी खरी टीप घाल की शेल्याला. गावाला कळू दे."

बस, तिथंच ती फसली. लुटारूंच्या भीतीनं नाही, शेळ्यांच्या उपकारानंही नाही. आपला टाका कुणीतरी पाहिला, एवढ्यावर फसली. तिनं दुहेरी दोरा घेतला आणि तुकड्याची कड आत दुमडून, शिवण दाबून, बारीक पक्की टीप घातली. तसं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. शेला अंगावर घालून कारभारी पारावर उभा राहिला तेव्हा बाया बोटानं एकमेकींना शिवण दाखवायला लागल्या. गोजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकूबाईनं मात्र शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "गोजे, गाठ कुठंय?"

"गाठ कशाला? दर टाक्याला गाठच आहे."

"मग उसवायचं कसं?"

"उसवू की. सुई आहे, हात आहे. वर्षभराचा प्रश्न आहे, तू कशाला जीव टाकतेस?"

वर्ष सरलं. उसवणीचा दिवस आला. पोरीनं दोरा शोधला, सापडला नाही. गोजाबाई सुई घेऊन बसली, तर एवढ्याशा शिवणीला बराच वेळ गेला आणि ऊन डोक्यावर आलं. लोक कंटाळले. पोरं भुकेजली. कारभारी मातीत बसल्या बसल्या हसला आणि म्हणाला, "मंडळी, पुन्हा मलाच बसवणार आहात ना? मग उसवून परत तेच शिवायचं, हा खेळ कशाला? अक्काची बोटं तरी वाचतील."

लोक हसले. ठकूबाई सोडून बाकीच्यांनी हात वर केले. गोजाबाईनंही केला. आपली टीप उसवायला तिच्या जिवावरच आलं होतं.

संध्याकाळी पारावर गप्पा रंगल्या. ठकूबाई म्हणत होती की निवडलेला माणूस राजा होऊन बसू शकतो. त्यावर भिवा लोहारानं तंबाखू मळत तिला हसण्यावारी नेलं. "अगं, राजा होतो तलवारीनं नाहीतर बापाच्या पोटी येऊन. याला आपण बसवलाय. आपण बसवला, आपण उठवू. जाणार कुठं तो?"

"तो कुठंच जाणार नाही," ठकूबाई म्हणाली, "त्याचंच तर भ्या आहे."

पुन्हा हशा पिकला. ठकूबाईच्या जिभेला तेलाच्या घाण्याच्या बैलासारखं एकाच जागी फिरायची सवय आहे, असं कुणीतरी म्हणालं.

मग एक निघालं की लुटारूंना शेल्यातले तुकडे वेगवेगळे दिसतात, म्हणजे गावात फूट आहे असं वाटतं. कारभाऱ्यानं शेला रंगवायचा ठरवला. हिरडा कुटून आणि लोखंडाचा कीट टाकून काळाभोर रंग उकळला, आणि शेला त्यात बुडवला. लुगड्याचा काठ, धोतराचं टोक, दुपट्याचा कोपरा, सगळं एकच झालं. लोक आपला तुकडा शोधायला गेले तर सापडेना. काळाच का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं, तर कारभारी मोकळेपणानं म्हणाला, "काळ्यावर डाग दिसत नाही."

खरंच डाग दिसेनासे झाले. कोठाराची किल्ली पूर्वी कारभाऱ्याच्या घरी एक आणि पारावर एक अशी असायची, ती पारावरची नाहीशी झाली. भांडणं पारावर मिटायची, ती त्याच्या अंगणात मिटायला लागली. पहारेकरी खिंडीत असायचे, ते त्याच्या दारात आले. लुटारू आता येत नव्हते, पण पहारा वाढतच होता. आधी म्हाताऱ्या बाया कारभाऱ्याला अरे-तुरे करायच्या, उलट तो मान समजला जायचा. आता लोक त्याला "सरकार" म्हणायला लागले. असं म्हणायला कुणी सांगितलं, ते कुणालाच आठवेना.

पुढच्या उसवणीच्या दिवशी पारावर लोक जमले, पण कारभारी आला नाही. त्याचा निरोप आला की दिवस बरे नाहीत, धोका आहे, उसवण पुढं बघू. लोक उठायला लागले. तेव्हा ठकूबाई उभी राहिली.

"पुढं म्हणजे कधी?" तिनं विचारलं. "दिवस सांगा. सुगी येते, पाऊस येतो, पोर नवव्या महिन्यात येतं. उसवणच तेवढी कधी येणार ते ठाऊक नाही, असं कसं?"

पहारेकऱ्यांनी तिला धरलं. त्यात सगळ्यांत जुना रंभाजी होता, तिच्याच घाण्याचं तेल खाऊन वाढलेला. त्यानं मान खाली घातली, पण दंड सोडला नाही. तिला नदीपार नेऊन सोडलं आणि परत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. भर दुपार होती, सारं गाव बघत होतं. जाताना ठकूबाईनं मागं वळून एकदाच पाहिलं, ते गोजाबाईकडं. गोजाबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. कुणाची चोळी शिवताना हात थबकायचा. तिला वाटायचं, तलवार तर त्याच्याकडं नव्हतीच. होती ती आपली टीप.

असेच दिवस गेले. कारभाऱ्याला मुलगा झाला. मुलगा उभा राहायला लागला तेव्हा कारभाऱ्यानं गोजाबाईला बोलावून घेतलं. ओट्यावर यायची रीत केव्हाच संपली होती. तो उंच जागेवर बसला होता आणि ती अंगणात उभी होती.

"गोजे," तो म्हणाला. अक्का नाही, नुसतं गोजे. "शेल्यातून पोराला एक लहान शेला काढ. त्याला आत्तापासून सवय व्हायला हवी."

गोजाबाईला कळायला थोडा वेळ लागला. "काढ म्हणजे?"

"काप. मधले तुकडे घे, ते मऊ झालेत. कडेचे जोडून माझा नीट कर. आणि हे बघ, यापुढंही हे काम तुझ्याच घराकडं. पिढ्यान् पिढ्या. कोठारातून तुझं धान्य वेगळं निघेल."

एवढं बोलून त्यानं अंगावरचा शेला काढून तिच्यापुढं टाकला. त्याला भीती वाटली नाही. का वाटावी? आजवर तिनं त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

गोजाबाईनं शेला उचलला. जड लागला. शेल्याची शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, पण एकदा कात्री लागली की कुणाचा तुकडा कुणाचा राहणार नाही, हे तिला सुई धरणाऱ्या बोटांनीच सांगितलं. आज मधले कापायचे, उद्या त्या पोराच्या पोरासाठी कडेचे. मग उसवायला उरणारच काय?

ती एवढंच म्हणाली, "कात्री घरी आहे, सरकार." आणि निघाली. मागं दोन पहारेकरी दिले होते, त्यातला एक रंभाजी.

बाजाराचा दिवस होता. पाराभोवती भाजीवाल्या बसल्या होत्या, लोहाराचा भाता चालू होता. गोजाबाई घराच्या वळणावर आली आणि वळलीच नाही. सरळ पारावर चढली, शेला पसरला, मांडी घातली आणि कमरेच्या पिशवीतून सुई काढली.

रंभाजी गडबडला. "अगं, घर तिकडं आहे. इथं काय मांडलंयस?"

"उसवण," ती म्हणाली. "लई दिवस राहिलीय."

तिनं पहिल्या टाक्यात सुई घातली आणि दोरा वर खेचला. आपलीच टीप, आपल्यालाच तिची ताकद माहीत. टाका तुटता तुटेना. दुसऱ्या पहारेकऱ्यानं तिच्या हातातून सुई हिसकावली आणि मोडून फेकली. गोजाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शिवण तोंडाजवळ नेली आणि दातांनी टाका तोडायला लागली. भाता थांबला.

असे बरेच टाके तुटले तेव्हा एक तुकडा सुटा झाला. आत दुमडलेली कड उघडी पडली, आणि गोजाबाईचा हात जागीच थांबला.

कड पिवळी होती. हळदीसारखी पिवळीधमक.

तिनं शिवण एवढी दाबून घातली होती की काळा रंग दुमडीत शिरलाच नव्हता. वरचं सगळं काळं, पण टाक्याखालची बोटभर कड जशीच्या तशी. तिला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, सगळ्यांचे रंग मेले.

"ठकीचा आहे हा," ती मोठ्यानं म्हणाली. "ठकूबाई तेलिणीचा. तिच्या आईच्या हळदीच्या लुगड्याचा. रंग राहिलाय. ऐकलं का रे? सगळ्यांचे राहिले असतील. शिवणीच्या आत बघा."

आधी कुणी हललं नाही. मग एक भाजीवाली उठली, पाटीतला विळा घेतला आणि पारावर चढून गोजाबाईच्या शेजारी बसली. विळ्याचं टोक टाक्यात घालत म्हणाली, "माझा तांबडा होता. ठिपक्यांचा." तिच्यामागून दुसरी आली. कुणी काटा आणला, कुणी अंबाड्यातली आकडी काढली. भिवा लोहार हाताची राख पुसत आला आणि उगाच खाकरला.

"ये," गोजाबाई म्हणाली. "उठवू म्हणाला होतास ना? मग चढ वर, अवजार घेऊन चढ."

भिवा खाली मान घालून चढला. त्यानं एक बारीक धारेची छिन्नी आणली होती.

दुसरा पहारेकरी धावत सांगायला गेला. कारभारी आला तेव्हा पार माणसांनी झाकून गेला होता. तो नुसत्या बंडीवर होता. तरी आवाज जरबेचाच होता. त्यानं रंभाजीला हुकूम केला की त्या म्हातारीला खाली ओढ आणि शेला घेऊन ये.

रंभाजी पुढं झाला. शेला ओढायला वाकला, आणि गोजाबाईनं नुकतीच उघडलेली कड त्याच्या हाताखाली आली. हिरवी, बारीक चौकड्यांची. त्याच्या आईच्या लुगड्याची. तीच चौकडी डोळ्यांवर ओढून तो लहानपणी निजायचा. त्यानं ती कड बोटांत धरली आणि तसाच राहिला. मग त्यानं काठी पाराला टेकवून ठेवली आणि लोकांत जाऊन बसला. "कुठून उसवू, अक्का?" त्यानं विचारलं.

"ठकीच्या तुकड्याशेजारून. तिला धरलं होतंस त्याच हातानं," गोजाबाई म्हणाली. "बस. हात चालव."

कारभाऱ्याबरोबर आलेले बाकीचे पहारेकरीही पुढं झाले नाहीत. त्याचा चेहरा उतरला. त्यानं लोकांकडं पाहिलं आणि आता जरब सोडून म्हणाला, "मला तुम्हीच निवडलंत. पाट्या भरभरून निवडलंत. खिंडीत मी उभा राहिलो, ते विसरलात?"

गोजाबाई उठून उभी राहिली. दातांतून रक्त आलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं.

"नाही विसरलो," ती म्हणाली. "निवडलं होतं तुला, म्हणूनच उसवतोय. राजाला उसवता येत नाही रे. त्याला मारावं लागतं, नाहीतर त्याच्या हातून मरावं लागतं. तुझ्यावर आणि आमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी कच्चा टाका लावला होता. तो तू पक्का करायला सांगितलास आणि मी केला. तुझं मागणं वाईट आणि माझं देणं त्याहून वाईट. आता मी माझं निस्तरतेय. तू तुझं बघ."

कारभाऱ्याला बोलायचं होतं, पण कुणाकडं बघून बोलायचं ते कळेना. सगळ्यांच्या माना खाली शिवणीवर होत्या. ज्या नजरेला त्यानं इतके दिवस धाक दाखवला, ती नजर आता त्याच्याकडं वळतच नव्हती. तो उभा राहून राहून शेवटी पाराच्या पायरीवर बसला.

जे काम एका लहान पोरीच्या एका ओढीत व्हायचं, त्याला सारं गाव दिवस मावळेपर्यंत राबलं. बोटं फाटली. कितीतरी तुकडे उसवताना चिरले आणि दोन-चार तर पार कामातून गेले. त्या घरांच्या बाया रडल्या. गोजाबाईनं कुणाची समजूत काढली नाही. फुकट परत मिळेल असं तिनं सांगितलंच नव्हतं.

शेवटी एक तुकडा उरला. त्याची कड पांढरी, मऊ सुताची. गोजाबाईनं तो ओळखला आणि पायरीवर बसलेल्या माणसापुढं धरला. "हा तुझ्या आईचा. तुझ्या घरचाही एक होताच की आमच्यात. घे आणि घरी जा. पुढच्या शिवणीला आण. नाही आणलास तर आम्ही मागायला येऊ."

त्यानं तो घेतला आणि सगळ्यांच्या देखत बंडीवर घरी गेला. त्याला कुणी मारलं नाही, कुणी नदीपार केलं नाही. गावात तो पुढं शेती करून राहिला. एवढंच झालं की त्याच्या पाटीत पुन्हा कधी कुणाचा तुकडा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी लोक नदीपार जाऊन ठकूबाईला घेऊन आले. ती आली ती सरळ गोजाबाईच्या ओट्यावर. बसली, पाणी प्यायली, पिवळ्या काठाचा काळा तुकडा मांडीवर घेऊन बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली.

"एवढं जमत होतं तर मला नेलं त्या दिवशी का नाही केलंस?" तिनं विचारलं.

गोजाबाई म्हणाली, "मला माझा टाका आवडला होता गं."

ठकूबाईनं तिला माफही केलं नाही आणि ती उठूनही गेली नाही. दोघी पुढं म्हाताऱ्या झाल्या, रोज एकमेकींकडं बसल्या, पण ठकूबाई अधूनमधून तिच्या हातातलं शिवण घेऊन अंगठा फिरवायची आणि विचारायची, "गाठ कुठंय?" आणि गोजाबाई निमूट दाखवायची.

पुढच्या शिवणीच्या दिवशी लोकांनी नवे, कोरे तुकडे आणले नाहीत. तेच आणले, मधे काळे आणि कडेला आपापल्या रंगाचे. पोरांनी विचारावं की हा काळा डाग कसला, आणि मोठ्यांना तो सांगावा लागावा, म्हणून. आणि शिवायची वेळ आली तेव्हा गोजाबाईनं सुई बाजूला ठेवली. ती म्हणाली की हे काम एका घराकडं असणंच चूक. ज्याचा तुकडा त्यानं टाचावा. वेडावाकडा, लांब लांब टाका घालत सगळं गाव शेला शिवायला बसलं. शेला दिसायला ओबडधोबड झाला, वाऱ्यानं फडफडायचा, कधी खांद्यावरचा तुकडा उडून जायचा आणि लोक हसायचे. पण वर्ष सरलं की एक लहान पोर यायची, खिदळत दोरा ओढायची, आणि सगळा शेला भसाभस सुटून मातीवर पडायचा.

तेव्हा पोरांनो आणि पोरांच्या आईबापांनो, निवडून दिलेला माणूस राजा होऊन बसतो का, असं कुणी विचारलं तर सांगा, बसतो. पण त्याला बसवणारा पक्का टाका आपलाच हात घालतो, म्हणून सत्ता द्यावी ती कच्च्या टाक्यानं आणि उसवणीचा दिवस कुणासाठीही पुढं ढकलू नये.